न झालेल्या कुस्त्या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केलेले भाषण. मोबाईलवरच्या ध्वनिमुद्रणावरून उतरवून, थोडी काटछाट करून.)



मला दिलेला विषय होता ‘आपल्या सोसायटीची पंचवीस वर्षे’. पण काल अध्यक्षांनी टाकीच्या गळतीपासून सिडकोच्या कागदपत्रांपर्यंत सगळं इतकं व्यवस्थित सांगितलं, की माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नाही. तेव्हा मी सेक्रेटरीसाहेबांना म्हटलं, मी कट्ट्याबद्दल बोलतो. पंपाच्या खोलीशेजारचा आपला सिमेंटचा कट्टा. पुढच्या महिन्यात तिथं दुचाकींचं पार्किंग होणार आहे. त्या ठरावाला माझाही हात वर होता, तेव्हा तक्रार नाही. गाड्या ठेवायला जागा पाहिजेच. पण तो कट्टा जाण्याआधी तिथं पंचवीस वर्षं काय चाललं होतं, ते या स्मरणिकेत छापून राहावं एवढीच इच्छा आहे.

तर तिथं कुस्त्या चालायच्या. बसून.

नवीन भाडेकरूंना आणि आयटीवाल्या मंडळींना थोडं सांगायला पाहिजे. आपल्यातली निम्मी घरं बाजारातली. माथाडी, मापाडी, वारणार, दोन-तीन दिवाणजी. कराड, पाटण, वाळवा, शिराळा, जुन्नर, निलंगा इकडून गाव सोडून आलेली माणसं. आधी मशीद बंदर, दाणा बंदर. मग बाजार खाडी ओलांडून इकडं आला, आणि बाजाराच्या मागं माणसं आली. सोसायटी उभी राहिली तेव्हा तुर्भ्याहून ठाण्याला जाणारी लोकलसुद्धा सुरू व्हायची होती, ती आली २००४ ला. रात्री लाईट गेली की सगळी पुरुष मंडळी खाली. बनियनवर, टॉवेल खांद्यावर. आणि मग कुणीतरी ठिणगी टाकायचा, “काय हो, खंचनाळे आणि बिराजदार, दोघंबी भरात असताना एका मातीत सोडलं असतं तर?”

झालं! लाईट आली तरी कुणी वर जायचं नाही.

हा खेळ आपणच काढला असं नाही. अमेरिकेत तो चक्क कॉम्प्युटरवर खेळले. मरे वोरोनर नावाच्या एका निर्मात्यानं १९६७ मध्ये जुन्या-नव्या हेवीवेट बॉक्सरांची सगळी माहिती एनसीआर ३१५ या मशीनमध्ये भरली आणि न झालेल्या लढती रेडिओवरून ऐकवल्या. खरी कॉमेंट्री असावी तशा. त्यात मोहम्मद अली जेफ्रीजकडून हरला. जेफ्रीज म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा पैलवान-बॉक्सर. अली असा चिडला, की त्यानं दहा लाख डॉलरचा दावा ठोकला! शेवटी तडजोड झाली आणि त्यातून १९६९ मध्ये अली आणि रॉकी मार्सियानो यांना खरोखरच समोरासमोर उभं करून सिनेमा काढला गेला. मार्सियानो ४९ पैकी ४९ जिंकून १९५६ मध्ये निवृत्त झालेला. अली न हरलेला, पण व्हिएतनामच्या लढाईला नकार दिला म्हणून लायसन्स काढून घेतलेलं. म्हातारा होत चाललेल्या मार्सियानोनं त्यासाठी वजन उतरवलं, डोक्याला टोप लावला. दोघांनी खोटी खोटी मारामारी केली, वेगवेगळे शेवट चित्रित केले, आणि यातला खरा शेवट कुठला ते दोघांनाही सांगितलं नाही. चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत, ३१ ऑगस्टला, मार्सियानो विमान अपघातात गेला. निकाल त्याला कळलाच नाही. २० जानेवारी १९७० ला अमेरिकेतल्या थिएटरांत दाखवलं, तर तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. आणि इंग्लंडमध्ये बीबीसीनं दाखवलं त्यात? अली जिंकला.

मी हे पहिल्यांदा कट्ट्यावर सांगितलं तेव्हा माझे वडील म्हणाले, “मग आमच्यात आणि त्या मशीनमध्ये फरक काय?”

फरक खरंच नव्हता. सी विंगमधले आपले निलंग्याचे काका हजर असले की बिराजदारच जिंकायचे. ते रात्रपाळीला गेले की खंचनाळे.

आता ही जोड का लावायची, ते मुलांसाठी सांगतो. श्रीपती खंचनाळे हे पहिले हिंदकेसरी. १९५९, दिल्ली. पंजाबच्या बंतासिंगला हरवून. मूळ गाव एकसंबा, म्हणजे आताच्या कर्नाटकातलं चिकोडीकडचं, पण माणूस कोल्हापूरच्या मातीचा. आणि हरिश्चंद्र बिराजदार लातूरकडचे, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७० च्या एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. आणि १९७७ मध्ये बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सत्पालला हरवलं. ती कुस्ती ज्यांनी पाहिली ते अजून सांगताना उभे राहतात. खंचनाळे भरात होते तेव्हा बिराजदार शाळकरी पोर. म्हणजे ही कुस्ती होणं शक्यच नव्हतं. म्हणूनच ती आपल्याकडं पंधरा-वीस वेळा झाली.

मी मापाडी. आयुष्य काट्यापुढं गेलं. त्यामुळं कट्ट्यावर माझं काम वजन सांगायचं. बिराजदार एडिंबरोत ८२ किलोच्या गटात होते, हे मी प्रत्येक वेळी सांगायचो. आणि प्रत्येक वेळी निलंग्याचे काका मला म्हणायचे, “कागदावरचं वजन मातीत चालत नाही, मापाड्या. मातीत पाय रुततो.” आणि हे त्यांचं बरोबर होतं, ते पुढं येतंच.

माझी स्वतःची आवडती जोड दुसरीच. मारुती माने आणि गणपत आंदळकर. माने कवठेपिरानचे, आंदळकर पुनवतचे, दोघंही सांगलीच्या मातीतले. आंदळकर १९६० चे हिंदकेसरी, माने १९६४ चे. पण मला ते जास्त आवडतात ते १९६२ च्या जाकार्ताच्या एशियाडसाठी. काय मजा बघा. माने ९७ किलोच्या गटात, आंदळकर ९७ च्या वरच्या. फ्रीस्टाईलमध्ये मान्यांना सुवर्ण, आंदळकरांना रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये बरोबर उलटं, आंदळकरांना सुवर्ण आणि मान्यांना रौप्य. दोन माणसं, चार पदकं. काटा मध्ये उभा राहतो ना, तसं.

ग्रीको-रोमन म्हणजे ज्यात कमरेच्या खाली हात लावायचा नाही. पट नाही, टांग नाही, सगळा जोर छातीत, खांद्यात, मानेत. फ्रीस्टाईलमध्ये पाय मोकळे. म्हणजे पाय धरायची मुभा असली की माने पहिले, नसली की आंदळकर पहिले, असं कागद सांगतो. मग आपल्या मातीत, जिथं एकेरी पट, ढाक, मोळी, टांग सगळंच चालतं, तिथं पारडं मान्यांकडं झुकणार. हा माझा हिशोब. त्यावर वडील म्हणायचे, “आणि वेळ? जाकार्तात घड्याळ होतं. गावच्या फडात घड्याळ नसतं. दीड तास झाल्यावर कोणाचा दम टिकणार ते सांग.” मग पारडं परत वरच्या वजनाच्या माणसाकडं. दीड तास वरचं वजन मानेवर घेऊन बघा! मी पोत्यांवरून सांगतो. शंभर किलोचं पोतं आणि नव्वदचं, उचलताना फरक दहाचा. पण पन्नासाव्या फेरीला तो दहा किलोचा राहत नाही.

ही कुस्ती आम्ही शेवटपर्यंत बरोबरीत सोडवली.

माती आणि मॅट हा मात्र कट्ट्यावरचा खरा भांडणाचा विषय, आणि त्यात हसण्यावारी नेण्यासारखं काही नाही. सुरुवात गामापासून करतो. १९१० मध्ये गामा लंडनला गेला. उंची साधारण पाच फूट सात इंच, तिथल्या लोकांना वाटलं हा काय लढणार. त्यानं उघड आव्हान दिलं, अमेरिकेचा डॉक्टर रोलर आला, त्याला हरवलं. मग पोलंडचा झिबिस्को. १० सप्टेंबर १९१०. झिबिस्को अडीच तास बहुतेक वेळ मॅटला चिकटून पालथा पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्यानं पुन्हा ठेवली तर हा गडी आलाच नाही. अठरा वर्षांनी, १९२८ मध्ये पतियाळात, मातीवर, गामानं त्याला एका मिनिटाच्या आत चीत केलं. मातीवर तुम्हाला असं पालथं पडून राहता येत नाही.

पण त्या काळातला जगज्जेता होता अमेरिकेचा फ्रँक गॉच. १९०८ मध्ये शिकागोत हॅकेनश्मिटला हरवून झालेला. गामानं त्याचंही नाव घेऊन आव्हान दिलं होतं. गॉच आला नाही. ही जगातली सगळ्यात मोठी न झालेली कुस्ती, असं माझं मत. आता कट्ट्याला विचाराल तर प्रश्न एवढाच, की कुठं? मातीवर गामा, मॅटवर कोण जाणे. गॉच १९१७ मध्येच गेला. गामा फाळणीनंतर पाकिस्तानात राहिला आणि १९६० ला लाहोरात वारला. त्याचा भाऊ इमामबक्ष मात्र आपल्या कोल्हापुरात येऊन गेलेला. शाहू महाराजांनी खासबागचं मैदान बांधून घेतलं, १९१२ मध्ये पुरं झालं, मधोमध खोल हौद आणि चारी बाजूंनी वर चढत गेलेली बैठक, कुठूनही बसा, कुस्ती दिसणारच. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी महालक्ष्मीच्या दर्शनाला गेल्यावर जरूर पाहून यावं, देवळापासून चालत जाता येतं.

आता हेवीवेट बाजूला ठेवतो आणि ५७ किलोकडं येतो. खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. वडिलांच्या बाजूनं आम्ही त्याच पंचक्रोशीतले, म्हणून आमच्या घरात हे नाव देवासारखं. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्लायवेटला सहावे आले. मॅटची नीट ओळख नव्हती तरी. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापुरात सगळे सांगतात. आणि तिथून खाशाबा बँटमवेटचं, म्हणजे ५७ किलोचं, कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं, टेनिसमध्ये, लिअँडर पेसचं. चव्वेचाळीस वर्षं.

पण वडिलांची गोष्ट पदकाची नसायची. त्यांची गोष्ट अर्ध्या तासाची असायची. हेलसिंकीत खाशाबांची जपानच्या इशीशी लांबलेली दमछाकीची कुस्ती झाली. ते हरले. लगेच त्यांना रशियाच्या मामेदबेयोवशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता, पण तो मागायला तिथं आपला एकही अधिकारी हजर नव्हता, असं सांगितलं जातं. खाशाबा थकलेले, इंग्रजीची अडचण, उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेयोवला रौप्य.

वडील म्हणायचे, “बाकीच्या सगळ्या कुस्त्या आपण मनानं लावतो. ही एक कुस्ती खरी आहे. अर्धा तास मिळालेला खाशाबा आणि मामेदबेयोव. ही लावा.” आणि तेव्हा कट्ट्यावर कुणी डाव सांगायचं नाही, ढाक की एकलंगी असं कुणी बोलायचं नाही. कारण हा प्रश्न ताकदीचा नव्हताच. एक माणूस टेबलाशी जाऊन “नियम दाखवा” म्हणायला नव्हता, एवढाच होता. बाजारात काम केलेल्या माणसाला हे लगेच कळतं. १९६९ चा माथाडी कायदा व्हायच्या आधी पोतं वाहणाऱ्याच्या बाजूनं टेबलाशी जाणारं कुणी नव्हतं. अण्णासाहेब पाटलांनी ते केलं. म्हणून आज आपण या बिल्डिंगमध्ये बसलोय, नाहीतर गोदामाच्या फळीवर झोपलो असतो.

खाशाबा पुढं पोलिसात लागले, १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मेल्यावर.

आता एक बोचणारी गोष्ट. बेळगावात बिराजदारांनी सत्पालला पाडलं, तो फोटो आपल्याकडं कितीतरी तालमींत लावलेला असेल. सत्पालनं पुढं काय केलं? १९८२ च्या दिल्ली एशियाडला १०० किलोत सुवर्ण घेतलं, आणि मग छत्रसाल स्टेडियमवर मॅट टाकून पोरं घडवली. सुशीलकुमार त्यांचाच. २००८ बीजिंगला कांस्य, २०१२ लंडनला रौप्य. परवा पॅरिसला अमन सेहरावतनं कांस्य आणलं, तोही छत्रसालचा, आणि गट कुठला? ५७ किलो. खाशाबांचाच. म्हणजे बेळगाव आपण जिंकलो आणि त्यानंतरचं सगळं ते जिंकले. आपण मातीच्या आठवणीत रमलो. जत्रा, इनाम, चांदीची गदा, फेटा. मला हे सगळं आवडतं, माझा जन्म त्यातला. पण ऑलिम्पिक मॅटवर होतं, हे १९४८ ला कळलेलं होतं. निलंग्याच्या काकांना हे बोललेलं खपत नाही. ते म्हणतात, बिराजदारांनीच पुण्यात गोकुळ वस्तादांच्या तालमीत राहुल आवारे घडवला, त्याचं काय? बरोबर आहे. बीडचा राहुल, २०१८ ला गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण, पुन्हा ५७ किलो, आणि २०१९ ला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. तेव्हा मी कट्ट्यावर माझी जोड लावून टाकली. खाशाबा ५७, राहुल ५७. काटा सरळ. एक फेरी मातीत, एक मॅटवर. मातीतली ढाकेवर खाशाबांची, मॅटवरची राहुलची, आणि तिसरी कुठं घ्यायची यावरून रात्रीचे बारा वाजले. वॉचमननं येऊन सांगितलं, ए विंगमधून तक्रार आलीय.

आता जे सांगणार आहे त्याची परवानगी घेतलेली आहे. बी विंगचे अण्णा समोर खुर्चीवर बसलेत. अण्णा, सांगू ना? ...मान हलवली, बघा सगळ्यांनी.

माझे वडील आणि अण्णा, हे दोघं या कट्ट्याचे मूळ सभासद. पहिल्या दिवसापासून वडील जाईपर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षं, रोज संध्याकाळी शेजारी-शेजारी. वडील कराडकडचे, अण्णा वाळव्याकडचे, मध्ये नदी. दोघंही तरुणपणी तालमीतले. दोघांनीही या कट्ट्यावर गामा, गॉच, माने, आंदळकर, चौगुले सगळ्यांना लढवलं. दादू चौगुल्यांनी १९७४ ला ख्राइस्टचर्चला सगळ्यात वरच्या वजनात रौप्य मिळवलं होतं, त्यांना तर आमच्या वडिलांनी एकदा मार्सियानोबरोबर लावलं, आणि ग्लोव्हज काढायला लावून जिंकवलं! पण एक कुस्ती दोघांनी कधीही कट्ट्यावर काढली नाही. त्यांची स्वतःची.

१९७३ च्या चैत्रात आमच्या भागातल्या एका गावच्या यात्रेत या दोघांची जोड नेमली होती. शेवटून दुसरी कुस्ती. इनाम पंचाहत्तर रुपये आणि फेटा. दोन्हीकडच्या वस्तादांनी एकमेकांची माणसं पाहून ठेवलेली. वडिलांचं सहा महिने दूध वाढवलं होतं, म्हणजे घरातल्या बाकीच्यांचं तोडलं होतं. आजीच्या तोंडून ऐकलंय मी. आणि मग पाऊस आलाच नाही. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. आधी म्हैस विकली. मग रोजगार हमीसारखी जी कामं निघाली त्यात खडी फोडली. फोडताना खुराक कुठला? मिलोची भाकरी. यात्रा त्या वर्षी देवापुरती झाली, फड भरलाच नाही. माघ संपायच्या आत वडील मुंबईला आले, दाणा बंदरात एका नातलगाच्या ओळखीनं हातगाडीला लागले. दोन महिन्यांनी अण्णा आले. दोघांना एकमेकांचं नाव माहीत होतं, तोंड माहीत नव्हतं. नाव सांगितल्यावर ओळख पटली ती एका ट्रकच्या मागं, दोघांच्याही पाठीवर पोतं असताना.

हे मला वडिलांनी कधी सांगितलं नाही. वडील गेल्यावर दहाव्याला अण्णांनी सांगितलं. मी विचारलं, “मग तुम्ही दोघं इतकी वर्षं रोज बसत होता, कधीच नाही बोलला, कोण जिंकलं असतं?”

अण्णा म्हणाले, “बोलायचं काय त्यात? लढलो की आम्ही. बावीस वर्षं एकाच टोळीत होतो. मी दमलो की तुझा बा माझं पोतं उचलायचा. तो दमला की मी.”

मग थोड्या वेळानं म्हणाले, “मारली असती मीच. पण तुझ्या आईला सांगू नको.”

(हशा. आई पहिल्या रांगेत होती. तिनं पदर तोंडाला लावला.)

आता शेवटाकडं येतो, जेवण थांबलंय याची कल्पना आहे.

दोन वर्षांपूर्वी ए विंगमधली आपली एक मुलगी, नाव घेत नाही, तिला आवडत नाही, कट्ट्यापाशी सायकल लावून आमचं बोलणं ऐकत उभी राहायची. तेव्हा सातवीत होती. एक दिवस म्हणाली, “आजोबा, तुमच्या कुस्तीत बाई नाहीच का एकपण?” कट्टा गप्प. कुणाकडंच उत्तर नव्हतं. मग अण्णांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “होती की. हमीदाबानू.”

मला हे नाव तोपर्यंत माहीत नव्हतं. नंतर वाचून पाहिलं. हमीदाबानू, मिर्झापूरकडची, ‘अलिगढची ॲमेझॉन’ म्हणायचे तिला. पुरुष पैलवानांना आव्हान द्यायची, जो मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन म्हणायची. १९५४ ला बडोद्यात बाबा पैलवानाला तिनं एक मिनिट चौतीस सेकंदांत हरवलं. आणि आपल्या महाराष्ट्रात काय झालं? पुण्यात रामचंद्र साळुंखे या पैलवानाबरोबर तिची कुस्ती ठरली होती. स्थानिक कुस्ती संघटनेनं विरोध केला आणि ती रद्द झाली.

ही बघा, खरीखुरी न झालेली कुस्ती. दुष्काळानं नाही, काळाच्या फरकानं नाही, वजनानंही नाही. माणसांनी होऊ दिली नाही. तिच्या काही कुस्त्या ठरवून केलेल्या, लुटूपुटूच्या असायच्या, असाही आरोप तेव्हा झाला होता. असेलही. मग खरी लढवून बघायची होती ना, पंच बसवून. न लढवता काय कळणार? महिलांची महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली ती २०२३ ला, सांगलीत, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. पुरुषांची १९६१ ला सुरू झाली होती. मापाड्याला आकडे सांगायची सवय, बासष्ट वर्षं होतात.

तर त्या मुलीनं हट्ट धरला. घरचे तयार नव्हते. मुलीची जात, कान मोडतील, लग्नाचं कसं, सगळं झालं. चुकीचं नाही बोलत, काळजीच असते आईबापांना. तिच्या घरी चार वेळा जाऊन बसले ते अण्णा. काठी टेकत, लिफ्ट बंद होती तेव्हा जिना चढून. चौथ्या वेळी तिच्या आजीनंच सांगितलं, “जाऊ द्या पोरीला, नाहीतर हा म्हातारा जिन्यात मरेल.” आता दीड वर्ष झालं, ती मॅटवर सराव करते. पहाटेची पहिली बस पकडते. ५० किलोच्या गटात. तो गट ऐकला की मला पॅरिसची विनेश आठवते आणि पोटात गोळा येतो. अंतिम फेरीच्या सकाळी शंभर ग्रॅमनं बाहेर! शंभर ग्रॅम, म्हणजे आमच्या बाजारात पोत्याच्या शिवणीला लागणारी सुतळी. म्हणून गेले चार महिने दर रविवारी ही मुलगी माझ्याकडं येते आणि मी तिचं वजन करतो. घरच्या त्या बटणाच्या काट्यावर नाही. दरवर्षी तपासून शिक्का मारलेला काटा आहे, त्यावर. वही ठेवलीय. काल रात्री ४९ किलो ६०० होतं.

रविवारी तिची जिल्ह्याची निवड चाचणी आहे. वजन सकाळी सातला, म्हणून आपण साडेपाचला गेटवरून निघतोय. तेरा सीटरची गाडी केलीय, आठ जागा अजून मोकळ्या आहेत. अण्णा पुढच्या सीटवर बसणार, ते आधीच ठरलंय, त्यावर वाद नको. टेबलाशी कागद घेऊन मी उभा राहणार. नियमांची प्रत काढून पूर्ण वाचलीय, दोन कुस्त्यांमध्ये किती वेळ द्यायचा तेही. ज्यांना यायचं असेल त्यांनी वॉचमनच्या केबिनमधल्या वहीत नाव आणि फ्लॅट नंबर लिहावा.

आणि मुलांनो, जेवताना तिला श्रीखंडाचा आग्रह करू नका. रविवारनंतर वाट्टेल तेवढं द्या.

चला, पानं मांडा.